एका बापाच्या माश्या

करंजवाडीत पहिली पेटी वितळली ती सोपानकाकांची. लाकडाची पेटी अर्थातच वितळत नाही. वितळलं ते आतलं मेण. चौकटींवरची पोळी सुटून खाली कोसळली होती. मध, अळ्या आणि माश्या यांचा एकच लगदा तळाशी साचला होता आणि पेटीच्या दारातून काळपट मधाची बारीक धार बाहेर आली होती. तिला मुंग्या लागल्या होत्या.

"मघाशी तर चांगला आवाज येत होता," सोपानकाका म्हणाले. "सगळ्या मिळून पंख मारत होत्या. दारापाशी हात धरला तर वारा लागत होता. म्हटलं, सुना कामाला लागल्यात. जरा पडतो."

शलाका गुडघ्यांवर बसली आणि तिनं एक चौकट उचलली. अळ्या उकडल्यासारख्या पांढऱ्याफटक दिसत होत्या. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, गेल्या काही वर्षांत सह्याद्रीत शिरलेलं नवं ऊन, जे पूर्वी फक्त विदर्भातल्या बातम्यांत असायचं.

'सुना' हे नाव सोपानकाकांनीच ठेवलेलं. तीन वर्षांपूर्वी शलाकानं मधमाशी संशोधन संस्थेतून नव्या राण्या खोऱ्यात आणल्या, तेव्हा काकांनी एक उन्हाळा त्या वापरून पाहिल्या आणि सभेत उठून सांगितलं, "डंख मारत नाहीत, घर सोडून जात नाहीत, दिवसभर राबतात. अशा सुना मला मिळाल्या असत्या तर म्हातारपणी पेट्या कशाला सांभाळत बसलो असतो?" त्यांची धाकटी सून मागेच बसली होती. तीही हसली होती. त्यानंतर खोऱ्यातल्या प्रत्येक घरानं त्या राण्या घेतल्या.

घेण्याला कारणही होतं. त्याआधी अळ्यांच्या एका रोगानं जंगलातली सातेरी, इथली देशी मधमाशी, जवळजवळ पुसून टाकली होती. घराघरातल्या पेट्या रिकाम्या पडल्या होत्या. शलाका प्राणिशास्त्र शिकून, संस्थेत काही वर्षं काम करून, वडिलांच्या पेट्या सांभाळायला गावी परतलेली. लोकांचा तिच्यावर विश्वास होता. धनावड्यांच्या तात्यांची मुलगी, आणि वर शिकलेली.

संस्थेचा विचार साधा होता. मधमाश्यांमध्ये नराला बाप नसतो. राणीनं फळलेलं अंडं घातलं की मादी जन्मते, न फळलेलं घातलं की नर. त्यामुळे नराच्या अंगात जनुकांचा एकच संच असतो, आईकडून आलेला, आणि त्याची प्रत्येक शुक्रपेशी त्या संचाची हुबेहूब नक्कल असते. निसर्गात तरुण राणी काही दिवस आकाशात झेपावते, दहा-पंधरा, कधी त्याहून जास्त नरांशी मीलन करून पेटीत परतते आणि तेवढ्या शिदोरीवर जन्मभर अंडी घालते. म्हणून एका पेटीतल्या हजारो कामकरी माश्या एका आईच्या पण अनेक बापांच्या लेकी असतात. त्यांतल्या काही मेहनती, काही तापट, काही ऐदी. संस्थेनं हा गोंधळ मिटवायचं ठरवलं. नराच्या पायाचा तुकडा यंत्रात घातला की त्याची जनुकं वाचून तो मेहनती आणि शांत लेकी देईल की नाही हे कळू लागलं. मग अशा एका निवडक नराच्या शुक्रपेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि त्याच शेकडो राण्यांना द्यायच्या. पेटीतल्या सगळ्या माश्या एकाच बापाच्या. सख्ख्या म्हणाव्या त्याहून सख्ख्या, कारण बापाकडून आलेला वाटा प्रत्येकीत अगदी सारखा.

आठवडाभरात आणखी पेट्या कोसळल्या. प्रत्येक घरून तोच निरोप येई: जोरात पंख मारत होत्या, मग गेल्या.

शलाकानं सगळ्या पेट्यांत तापमापक बसवलेले होते. त्यांचे आकडे तिच्या फोनवर येत, पण आजवर तिनं फक्त सरासरी पाहिली होती, आणि सरासरी नेहमी उत्तम असायची. त्या दुपारी ओसरीवर बसून तिनं पहिल्यांदा मिनिटामिनिटाची रेघ उघडली. ती करवतीसारखी होती. तापमान वर, एकदम खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली. पेटी जितकी तापलेली तितके करवतीचे दात मोठे.

ती बराच वेळ त्या दातांकडे पाहत राहिली. मग तिला ते दिसलं, आणि दिसल्यावर इतकं सोपं वाटलं की तिचे कान तापले.

पेटी गरम झाली की माश्या पंख मारून वारा घालतात. पण कुठल्या उकाड्याला वारा घालायला उठायचं, हे थोडंफार जनुकांवर ठरतं. अनेक बापांच्या पेटीत एका बापाच्या लेकी लवकर उठतात, दुसऱ्याच्या जरा उशिरा, तिसऱ्याच्या अगदीच जीव घाबरल्यावर. म्हणून वारा हळूहळू वाढतो आणि हळूहळू कमी होतो, आणि ज्या अजून उठलेल्या नसतात त्या तोवर पेटी गार करायला ओढ्यावरून पाणी आणत असतात. एका बापाच्या पेटीत सगळ्यांना एकाच क्षणी उकडतं. सगळ्या एकदम उठतात, पाणी आणायला कुणी उरत नाही. पेटी गार झाली की सगळ्या एकदम थांबतात. साध्या उन्हाळ्यात हे चालून गेलं. या उन्हात सगळ्याजणी कोरड्याच पेटीत जीव खाऊन पंख मारत राहिल्या, दमल्या तेव्हा एकदमच दमल्या, आणि मेण सुटलं.

ज्यांना आपण ऐदी म्हणत होतो त्या राखीव होत्या, शलाकाच्या मनात आलं. संस्थेनं निवड बरोबर केली होती. फक्त तिनं आणि संस्थेनं एकेका माशीचे गुण मोजले होते, पेटीचे मोजले नव्हते.

उपाय पुस्तकात होता. याच राण्यांच्या अंड्यांतून नव्या राण्या वाढवायच्या आणि त्यांना मोकळ्या आकाशात, निरनिराळ्या नरांकडे जाऊ द्यायचं. पाऊस सुरू व्हायच्या आत.

पण नर कुठले? खोऱ्यात फार पूर्वीपासून लोक पेट्यांतली नरांची घरं सुरीनं कापत. नर मध आणत नाही, नुसता खातो. मात्र म्हातारी माणसं निम्मी घरं सोडत, राण्यांना लागतील म्हणून. संस्थेच्या राण्या आल्यावर शलाकानंच सगळ्यांना सांगितलं होतं, आता सगळी कापा. राण्या तयारच येतात, नर कशाला पोसायचे? लोकांनी आनंदानं कापली. दुपार कलताना ती खिंडीतल्या मोठ्या हिरड्याच्या झाडापाशी गेली. तात्या तिला लहानपणी तिथं न्यायचे. याच वेळेला त्याच्या शेंड्याभोवती नरांचा घुमारा ऐकू यायचा. आता तिथं फक्त पानं हलत होती.

"तात्यांनी नेऊन ठेवल्यात ना चारसहा पेट्या पलीकडं," दुसऱ्या दिवशी तिनं नरांचं विचारलं तेव्हा सोपानकाका सहज बोलून गेले.

"कुठल्या पेट्या?"

"जुन्या. त्या चावऱ्या. तू मारून टाका म्हणालीस, त्या."

"तात्या म्हणाले होते, मारल्या."

काकांनी तंबाखू मळायची थांबवली. "वाघदऱ्याला आहेत. तिच्याकडं. गावात तू सोडून सगळ्यांना ठाऊक आहे, बाय."

तिच्याकडं, म्हणजे कुणाकडं, हे विचारायची गरज नव्हती. तात्यांना वाघदऱ्यात दुसरं घर होतं. तिथल्या बाई वारल्या होत्या, पण मुलगी होती. धरणाच्या पाण्याकाठी खानावळ चालवायची. नवरा लाँचवर होता. नाव अंबिका. शलाकानं तिला एकदाच पाहिलं होतं, तात्यांच्या दहाव्याला नदीवर, लांब एका दगडाशी उभी. घरात तिचा उल्लेख कधीच होत नसे. झालाच तर आई 'पलीकडची' म्हणे, आणि तेही भांडी जोरात आपटत.

वाघदऱ्याला जायला खिंड उतरावी लागते. शलाका पोचली तेव्हा जेवणाची गर्दी ओसरली होती. पस्तिशीची एक बाई बाकं पुसत होती. तिनं मान वर केली. तात्यांचं नाक, तेच रुंद कपाळ.

"या मॅडम," ती म्हणाली. "जेवणार की नुसतं बघायला आलात?"

"पेट्या बघायच्या होत्या."

"मागं आहेत. मी येणार नाही. मला त्यांची भीती वाटते."

"मग सांभाळतं कोण?"

"कोण नाही. तात्या यायचे, उघडून बघायचे. ते गेल्यापासून मी त्यांच्या वाटेला गेले नाही. वादळात एकीचं झाकण उडालं, तेव्हा लांबूनच बांबूनं सरकवलं. तेवढीच सेवा."

जांभळाखाली सहा पेट्या ओळीनं होत्या. शलाकानं पहिलीचं झाकण काढलं आणि दोन डंख लगेच मनगटावर बसले. चौकटीच्या खालच्या कडेला नरांची घरं होती, टोकदार टोपणांची, प्रत्येक टोपणाला मधोमध टाचणीएवढं भोक. कुणी कापलीच नव्हती. कापायला कुणाचा हात पोचला नव्हता. तिनं तापमापक आत ठेवला आणि सावलीत उभी राहून फोनकडे पाहू लागली. बाहेर तेच ऊन होतं. रेघ थोडी वर गेली, थोडी खाली आली आणि पाण्यासारखी संथ चालत राहिली.

ती परत आली तेव्हा अंबिकानं ताक पुढं ठेवलं. शलाकानं सगळं सांगितलं. एका बापाच्या माश्या, करवतीची रेघ, कापलेले नर. अंबिका हनुवटीवर हात ठेवून ऐकत होती.

"म्हणजे पेटी टिकायची तर आतल्या बहिणी सावत्र पाहिजेत," ती म्हणाली.

"हो."

"आणि हे तुला आता कळलं."

शलाकानं ताकाचा पेला उचलला.

"मग ने की या पेट्या. तात्यांच्याच आहेत."

"या उन्हात हलवल्या तर त्या पेटी सोडून निघून जातील. राण्याच इकडे आणाव्या लागतील, छोट्या पेट्यांतून. प्रत्येक घरच्या. आठपंधरा दिवस इथं ठेवायच्या, त्या उडून आल्या की परत न्यायच्या. तुझ्या अंगणात."

"अंगण मोकळं आहे," अंबिका म्हणाली. "लोक येऊ देत, जेवतील पण. एकच सांग. गावाला काय सांगणार, कुणाकडे जा? पलीकडचीकडे?"

शलाकाच्या तोंडात ताकाचा घोट तसाच राहिला. हा शब्द डोंगर ओलांडून इथवर पोचलेला असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"मी भांडत नाही," अंबिका म्हणाली. "तुला गरज आहे म्हणून आलीस, नाहीतर आली नसतीस."

"हो. नसते आले."

"हे बरं केलंस. गोड बोलली असतीस तर हाकलली असती." ती उठली आणि पेला उचलला. "तेवढं ठरव. मग पाठव लोकांना."

घरी आई तांदूळ निवडत होती. शलाकानं समोर बसून एका दमात सांगितलं. आईचे हात थांबले नाहीत.

"दुसरीकडं कुठं नाहीत नर?"

"असतील लांब. पावसाआधी मिळणार नाहीत."

"मग जा म्हणावं लोकांना वाघदऱ्याला. खानावळ आहे, पाटी आहे. नातं सांगायची काय गरज?"

"तिनं तेवढंच विचारलंय."

"मग तिला कळतंय काय मागावं ते." आईनं खडा टिपून अंगणात फेकला. "तुझ्या माश्यांना कळतं का गं, सख्खी कोण आणि सावत्र कोण?"

"वासात किंचित फरक असतो. पण एका पेटीत राहून सगळ्यांना एकच वास लागतो. बहुधा त्या फरक करत नाहीत."

"त्यांना नवरा वाटून घ्यावा लागत नाही ना. म्हणून."

शलाकाला हसू आलं आणि ते आतच राहिलं. आईच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काही नव्हतं.

"सगळ्या गावाला माहीत आहे, आई."

"माहीत असणं वेगळं आणि चारचौघांत बोलणं वेगळं. लोकांनी आजवर माझ्यासमोर तोंड उघडलं नाही, ती माझी अब्रू. तीच तेवढी राहिली माझ्याकडं. तू बोललीस की उद्यापासून पाणवठ्यावर सगळ्या बोलणार." तिनं सूप आपटलं. "तुझी चूक निस्तरायला माझं का वापरतेस?"

आई म्हणत होती ते खरं होतं.

सभा शाळेच्या व्हरांड्यात झाली. आई बायकांत, खांबाला टेकून बसली होती. शलाकानं आधी चूक सांगितली. राण्या मी आणल्या, नर मी कापायला लावले, हिशेब माझा चुकला. कुजबुज झाली, कुणीतरी मोठ्यानं उसासा टाकला. मग तिनं उपाय सांगितला. प्रत्येकानं नवी राणी वाढवायची आणि वाघदऱ्याला न्यायची.

"वाघदऱ्याला कुणाकडं?" मागून एका तरुणानं विचारलं. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. तो जावई म्हणून गावात आलेला.

सोपानकाका आपल्या पायांकडे पाहू लागले.

शलाकाला वाटलं होतं की या क्षणी काहीतरी निसटतं वाक्य सुचेल. खानावळ, पाण्याकाठची, पाटी आहे. तिनं आईकडे पाहिलं. आई तिच्याकडेच पाहत होती.

"अंबिकाकडे," ती म्हणाली. "ती खानावळ चालवते. माझी बहीण."

आई उठली, पदर सारखा केला, व्हरांड्याखालच्या चपला शोधून पायांत घातल्या आणि निघून गेली. तिला वाट द्यायला बायका सरकल्या.

त्यानंतर घरात जेवण होत होतं, ताट समोर येत होतं, पण शब्द येत नव्हता. परसात एक पेटी आईची स्वतःची होती. तिच्या हाताखालची, तिनंच रंगवलेली. त्या पेटीवर दुपारी ओलं फडकं टाकलेलं शलाकाला दिसायचं. एकदा तिनं विचारलं, "तुझीही राणी नेऊ का? मी उद्या निघतेय." आई "राहू दे" म्हणाली आणि चुलीकडे वळली. हा आठवड्यातला पहिला शब्द होता.

वाघदऱ्यात अंगण भरून गेलं. लाडूच्या डब्याएवढ्या छोट्या पेट्या दगडांवर, ओट्यावर, फांद्यांना टांगलेल्या. लोक खिंड उतरून येत, घाम पुसत, खानावळीच्या दारात उभे राहत. शलाका तिथंच मुक्कामाला होती. राण्या उडू लागल्या होत्या. दुपार कलली की जांभळाच्या शेंड्याभोवती घुमारा सुरू व्हायचा. एखादी राणी पेटीच्या दारात येई, क्षणभर थबके आणि वर निघून जाई. बऱ्याचजणी परत येत. काही येत नसत. कोतवाल पक्षी तारेवर टपून होते. त्यांना पाहून अंबिका कपडे वाळत घालायची काठी घेऊन धावायची, माश्या दिसल्या की तितक्याच वेगानं परत यायची.

"सकाळपासून सगळे एकच सांगतायत," ती शलाकाला म्हणाली. "मी विचारते, कुणाकडून आलात? म्हणतात, तुमच्या बहिणीनं पाठवलं. तू शिकवलंस का त्यांना?"

"मी एकदाच बोलले."

"लोकांना बरंय. एकदा ऐकलं की शंभरदा म्हणतात." ती कांदा चिरत होती, त्यामुळे डोळे पुसले तरी काही कळायचं नव्हतं. "आई काय म्हणाली?"

"काही नाही."

"बोलत नाही?"

"नाही."

अंबिकानं सुरी थांबवली. "मी तुझ्याकडं तेवढं मागायला नको होतं का?"

शलाकानं खरंच विचार केला. "मागायला हवं होतंस," ती म्हणाली. "पण दिलं मी, आणि गेलं तिचं. ते अजून मला सुटलेलं नाही."

अंबिका कांदा पुन्हा चिरायला लागली.

शेवटच्या पेट्या आल्या तेव्हा पश्चिमेला ढग जमू लागले होते. शलाका जांभळाखाली एका पेटीत डोकावून राणीच्या पोटाच्या टोकाला मीलनाची खूण दिसते का ते पाहत होती. दाराशी अंबिकाचा आवाज ऐकू आला, दिवसभर विचारून गुळगुळीत झालेला.

"या, मावशी. ठेवा तिकडं ओट्यावर. कुणाकडून आलात?"

उत्तर आलं नाही म्हणून शलाकानं मान वळवली. दारात आई उभी होती. खिंड उतरून पायी आलेली, पदर डोक्यावर, चेहरा उन्हानं काळवंडलेला. दोन्ही हातांत रंगवलेली छोटी पेटी, छातीशी धरलेली.

अंबिकानं आईला आधी कधी पाहिलं नव्हतं. आईनं मात्र तिच्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. नाकाकडे, कपाळाकडे. शलाका जागची हलली नाही. तिला वाटलं, आता आई पेटी ठेवेल आणि वळेल.

"घरून आले," आई म्हणाली.

"कुठल्या घरून?"

आईनं श्वास घेतला. चढउतारानं तो अजून लागत होता.

"तुझ्या बापाच्या," ती म्हणाली. "धर ही. हात भरून आलेत माझे."